रजेच्या अर्जातलं खरं कारण

आमच्या गणिताच्या बाईंइतकं खरं बोलणारं माणूस मी उभ्या मराठवाड्यात पाहिलेलं नाही, आणि देव करो, दुसऱ्या कुठल्या मुख्याध्यापकाच्या वाट्याला ते न येवो. पस्तीस वर्षं मी शाळेत काढली, त्यातली चौदा सिडकोतल्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. एवढ्या काळात रजेचे अर्ज गाडाभर वाचले असतील. त्या अर्जांवर विश्वास ठेवायचा तर आमच्या शिक्षकांच्या घरी बारा महिने लग्नं, बारशी आणि तेरावी चालू होती. एका सरांच्या धाकट्या बहिणीला बघायला इतके पाहुणे येऊन गेले, की तेवढ्यांत एखाद्या गावाची ग्रामसभा भरली असती. मी सगळं वाचायचो, मान हलवायचो आणि सही करायचो. कारण खोटं आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक, मला ठाऊक, पण कागद नीट दिसायचा. दमल्यावर ‘दमले आहे’ असं त्या कागदावर लिहून खाली स्वच्छ अक्षरात सही करणारं माणूस मात्र एकच भेटलं. त्या माणसाबद्दल मी एक गोष्ट वीस वर्षं कुणाला सांगितली नाही. ती सांगायची म्हणून आता हे लिहायला बसलो आहे.

बाई सिल्लोडकडच्या. उंची बेताची, चाल भरभर, आणि पदर खोचलेला असा की कुणाशी तरी भांडायला निघाल्या आहेत असं वाटावं. त्या भांडायच्याही, पण फक्त मधल्या पायऱ्या गाळणाऱ्या मुलांशी. “एकदम उत्तरावर उडी मारतोस, माकड आहेस का? कसा आलास तिथं, ते दाखव.” गणितं पुस्तकातली कधी घालायच्या नाहीत, स्वतःची रचायच्या, आणि त्या गणितांत गावातली माणसं असायची. एकदा मी व्हरांड्यातून फेरी मारत असताना आठवीच्या वर्गातून त्यांचा आवाज आला, “एक मुख्याध्यापक एका तासात व्हरांड्यातून चार फेऱ्या मारतात. दिवसाचे आठ तास. त्यांपैकी एकतृतीयांश फेऱ्या उपयोगी असतील, तर बाकीच्या वेळात ते किती शिक्षकांना चहा पाजू शकतील?” वर्ग हसला. मी खिडकीशी थांबलो तर बाई न बिचकता म्हणाल्या, “सर, एका चहाला किती वेळ लागतो तेवढं सांगता का? ते द्यायचं राहिलं.” मी रागवायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “दहा मिनिटं.” मुलांनी वहीत लिहून घेतलं.

शाळेत हालचाल नोंदवही म्हणून एक वही असते. मधल्या वेळेत कुणी बाहेर गेलं तर तीत वेळ आणि कारण लिहायचं. बाकीचे लिहायचे ‘बँक’, ‘दवाखाना’, किंवा ज्याला कुणी हात लावू शकत नाही असं ‘कार्यालयीन काम’. बाईंच्या नोंदी मला अजून पाठ आहेत. ‘झाडाखाली बसायला.’ ‘दहावी ब पासून थोडं लांब.’ एकदा नुसतंच, ‘श्वास.’ तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी बाईंना बोलावून म्हणालो, “अहो, बँक लिहा ना. काय बिघडतं?” त्या म्हणाल्या, “सर, मी बँकेत गेलेच नव्हते.” त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता. आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा चाचा म्हणायची, दारात उभे राहून हसत होते.

पण हे कौतुक करताना एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती माझ्या बाजूची नाही. कामाचा बैल एकदा सापडला की प्रत्येक नांगर त्यालाच जुंपतात. बाईंचं काम चोख असायचं. म्हणून मतदारयाद्यांचं काम आलं की मी बाईंचं नाव द्यायचो. घरोघरचं सर्वेक्षण आलं, बाई. खिचडीच्या तांदळाच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे जादा तास, संगणकावर भरायची माहिती, आणि ती माहिती संगणकानं गिळून टाकली की पुन्हा भरायची माहिती, सगळं बाई. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर चार दिवस त्याची मनधरणी करावी लागायची. बाईंना सांगितलं की त्या यादी हातात घ्यायच्या आणि एवढंच म्हणायच्या, “ठेवा.” त्या एका शब्दावर मी शाळा चालवत होतो. त्यांचे मालक तेव्हा वाळूजच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करायचे. मला एकदा रस्त्यात भेटले तर म्हणाले, “सर, माझी रात्रपाळी असती तेव्हा घरातला दिवा सकाळपर्यंत चालू असतो म्हणं. आमच्या दोघांत रात्रपाळी नक्की कुणाची, तेच समजंना.” मी हसलो. चांगला विनोद आहे असं म्हणालो आणि स्कूटर सुरू केली.

जानेवारीतल्या एका सकाळी, दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर असताना, बाई दहावी ब च्या वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. हातात खडू, तोंड फळ्याकडे. चाचांनी मला नंतर सांगितलं, पंधरा मिनिटं वर्गात चिटपाखराचाही आवाज नव्हता. ती पोरं एरवी वर्गात मांजर सोडणारी. पण त्या दिवशी एकानंही बाक वाजवला नाही. मग बाईंनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि सरळ माझ्या खोलीत आल्या.

“सर, मला आज गणित सांगता आलं नाही.”

“का? अवघड होतं?”

“उत्तर येत होतं. सांगावंसं वाटत नव्हतं.” त्या उभ्याच होत्या. “अंग दमलं की झोपलं म्हणजे जातं. हे तसलं नाही. वर्गाच्या दारात पाय जड होतात. पोरांची तोंडं दिसतात आणि वाटतं, ही कुणाची पोरं आहेत? हे कशानं जातं ते पुस्तकाच्या मागं उत्तरसूचीत दिलेलं नाही. मला दोन महिने रजा द्या.”

आणि अर्ज पुढं केला. त्यात लिहिलं होतं, ‘कारण : मी फार दमले आहे.’

मी घाबरलो. बाईंच्या तब्येतीला नाही, त्या कारणाला घाबरलो. संस्थेच्या सचिवांसमोर हा कागद गेला असता तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, कशानं दमल्या? मी दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणालो, “बाई, रजेला माझी ना नाही. पण असं कारण चालत नाही. वैद्यकीय घ्या. डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत. टायफॉइड लिहू?”

“मला टायफॉइड नाही.”

“मणक्याचं काही?”

“मणका चांगला आहे.”

“मग कावीळ लिहा. कावीळ उत्तम. दोन महिने कुणी जवळ येत नाही, कुणी काही विचारत नाही.”

बाईंनी दोन्ही हात माझ्या टेबलावर पालथे ठेवले, मग उताणे केले. “सर, मी पिवळी दिसते का?”

“तसं नव्हे हो...”

“मधली पायरी खोटी लिहून उत्तर बरोबर आलं, तर मी पोरांना भोपळा देते. आता मीच कावीळ लिहू व्हय?”

मी म्हणालो, मग रजा मंजूर होणार नाही. त्या म्हणाल्या, मग बिनपगारी द्या. शेवटी त्यांचा अर्ज खणात ठेवून नुसती बिनपगारी रजा मी पुढं पाठवली आणि दुसऱ्या दिवसापासून दहावी ब चं गणित स्वतःच्या अंगावर घेतलं. वर्गात गेलो तर कळलं की बाईंनी अभ्यासक्रम दिवाळीलाच संपवलेला होता. मला नुसतं उजळणी घेत उभं राहायचं होतं. तेही मला जड झालं. चाचा पाण्याचा तांब्या ठेवताना म्हणाले, “साहब, मशीन भी गरम हुई तो बंद करके ठंडी करते ना? बाई तो इन्सान है.” मी म्हणालो, “चाचा, तुम्ही घंटा द्या.”

फेब्रुवारीत पालकांची कुरकूर सुरू झाली तसा मी बाईंना परत आणायला निघालो. त्या फर्दापूरला होत्या. तिथं अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांसाठी त्यांच्या मावशीची रस्त्याला लागून खानावळ आहे. सकाळची एसटी धरून मी अकराच्या सुमारास उतरलो. मागच्या अंगणात कडुलिंबाखाली बाज टाकलेली होती आणि बाजेवर आमच्या बाई, ज्यांच्या भरवशावर माझी शाळा चालायची त्या बाई, भर दिवसा तोंडावर पदर घेऊन गाढ झोपलेल्या. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुमी कोण?”

“शाळेतला मोठा सर.”

“न्यायला आलात व्हय?”

“हो.”

“मग जेवून जावा. एकटेच.”

आवाजानं बाई उठल्या. चेहरा सुजलेला, केसांत लिंबाची पानं, आणि हसू इतकं स्वच्छ की मला आधीच्या चार-पाच वर्षांत ते हसू दिसलंच नव्हतं हे तिथं लक्षात आलं. म्हणाल्या, “सर, पहिले पंधरा दिवस मी नुसती झोपले. मावशीला वाटलं कुणाची नजर लागली. तिनं माझ्यावरून लिंबू उतरवून टाकलं. मग आठ दिवस रडले. कशासाठी ते मलाही माहीत नाही, म्हणून विचारू नका. आता भेंड्या चिरते.” गिऱ्हाइकाच्या हिशेबाला मात्र त्या बसत नव्हत्या. पर्यटकांनी लेण्याला किती पायऱ्या आहेत असं विचारलं, तर त्या सांगायच्या, “चढून बघा.” आकड्याशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं.

मी दहावीच्या मुलांचा विषय काढला. त्यांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं, कोण कुठं अडतो ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, “परवा सहलीची एक पोरगी इथं पायरीवर बसून भागाकार करत होती. चुकत होती. मी बघितलं आणि उठून आत गेले. काल दुसरी आली, तिला मात्र सांगितलं. हातून आपोआप झालं. पण एकच. तिनं आणखी एक विचारलं असतं तर मला रडू आलं असतं. म्हणून म्हणते सर, मी अजून आढीतला आंबा आहे. दाबून बघू नका. जूनमध्ये येते.”

मी दाबून बघायलाच गेलो होतो. पिठलं-भाकरी खाऊन, मावशीच्या म्हणण्याप्रमाणे एकटाच, परत आलो. एसटीत सगळा वेळ धुसफुसत होतो. इथं मी चार माणसांचं काम ओढतो आहे आणि ही बाई झाडाखाली झोपली आहे! दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांचं पत्र आलं : सदर शिक्षिका परीक्षेच्या तोंडावर बिनपगारी रजेवर का आहेत, याचा मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा करावा. खरा खुलासा दोन ओळींचा होता. मी पाच माणसांची कामं एकटीवर लादली आणि त्या दमल्या. तो लिहिला असता तर चौकशी माझ्यावर आली असती. मी लिहिलं, ‘सदर शिक्षिकेची मानसिक अवस्था अध्यापनास योग्य आहे असे वाटत नाही.’ आदल्याच दिवशी मी त्यांना पाहिलं होतं. त्या दिवशी त्या फर्दापुरात, लिंबाखाली, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठिकाणावर होत्या.

जूनमध्ये बाई आल्या. पहिल्याच तासाला फळा दोन्ही बाजूंनी भरला आणि घंटा झाल्यावरही वर्ग सुटेना. पण त्या पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. सर्वेक्षणाची यादी पुढं केली तर त्या गोड हसून म्हणाल्या, “सर, हे मला चांगलं जमेल. म्हणूनच मी घेणार नाही.” ते काम मग पाच जणांत वाटावं लागलं, आणि आश्चर्य म्हणजे झालंसुद्धा. मधल्या सुट्टीनंतरची पाच मिनिटं त्यांच्या वर्गात सगळ्यांनी बाकावर डोकं टेकून पडायचं, बाईंनीही. मी एकदा डोकावलो तर साठ मुलं आणि एक शिक्षिका निपचित, आणि फळ्यावर लिहिलेलं : ‘घोरणाऱ्याचे दोन गुण कमी.’ सहामाहीचे पेपर तपासून झाले की त्या दरवर्षी आठ दिवस फर्दापूरला जायच्या. पुढं हातात मोबाइल आला तरी तो जाताना घरी शेंगदाण्याच्या डब्यात ठेवायच्या. “शाळा कोसळली तर मालकांना सांगा. नुसती भेग पडली तर नको.” नव्यानं लागलेली एक तरुण शिक्षिका स्टाफरूममध्ये रडत होती, तर तिला उपदेश नाही, काही नाही. तिच्या पुढ्यातला वह्यांचा गठ्ठा उचलून त्यांनी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. “सोमवारी मिळंल. जा, आईकडं जा.”

आणखी दोन वर्षांनी पर्यवेक्षिकेची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेनं ती बाईंची होती आणि बाईंना ती हवी होती. कसं काम करायचं ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कुणावर किती तास, कुणावर किती बाहेरची कामं, असा एक तक्ता करून त्यांनी मला दाखवलाही होता. सभेत सचिवांनी त्यांच्या फाइलमधली माझी ओळ मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. “मुख्याध्यापक, अजूनही असंच आहे का?” ‘नाही’ हा दोन अक्षरी शब्द होता. मी चष्मा पुसत राहिलो. जागा दुसऱ्यांना गेली. सभेत काय झालं ते बाईंना कळलं नाही. मला मात्र व्हरांड्यात त्यांच्यासमोरून जाणं तेव्हापासून अवघड झालं. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभाला मला मुद्दाम बोलावलं. मी अर्धा तास बोललो. सगळं बोललो, हे सोडून.

आता उरलेलं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझा गुन्हा पुरता कळणार नाही. मुख्याध्यापक होण्याच्या कितीतरी आधी, साधा शिक्षक असताना, एक दिवस मी एका मुलाला काहीही कारण नसताना थोबाडीत मारली. त्यानं फक्त पाणी प्यायला जाऊ का विचारलं होतं. माझाच हात मला ओळखू आला नाही. मला तेव्हा शाळेचं दार बघवत नव्हतं. मी ओळखीच्या डॉक्टरांकडून दाखला आणला आणि तीन आठवडे कन्नडला बहिणीकडे जाऊन राहिलो. दाखल्यावर कावीळ होती. म्हणजे बाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या तेव्हा त्यांना काय झालं आहे हे त्या शाळेत एकट्या मलाच अनुभवानं माहीत होतं. मी खोटं बोलून सुटलो होतो. त्या खरं बोलल्या, आणि त्याची शिक्षा मी त्यांना दिली.

इथपर्यंतचं लिहून मी मागच्या रविवारी गारखेड्याला बाईंच्या घरी गेलो. तोंडानं सांगण्याचा धीर नव्हता, म्हणून कागद काढून वाचून दाखवलं. त्यांचे मालक भाजी आणायला गेले होते. बाई दिवाणावर मांडी घालून ऐकत होत्या. मांजर आणि मुख्याध्यापकाच्या फेऱ्या आल्या तिथं हसल्या. खुलाशातल्या त्या ओळीचा भाग आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली, ती मी संपवलं तरी वर केली नाही. तशाच म्हणाल्या, “मला आवडलं असतं सर, पर्यवेक्षिका व्हायला.”

“हो.”

“दोन वर्षं वाईट वाटत होतं. माझंच काही चुकलं असंल, असं वाटायचं.”

मी हात जोडायला उचलले, पण त्या वयानं धाकट्या, त्यांना ते रुचणार नाही असं वाटून कागदांच्या घड्याच घालत बसलो. मग त्यांनी एकदम विचारलं, “तुम्ही कन्नडला तीन आठवडे होतात. झोपलात का नीट?”

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. कावीळ डोळ्यांत दिसते, म्हणून कुणी भेटायला आलं की मी डोळे गच्च मिटून पडायचो. शाळेतलं कुणी येईल या धास्तीनं दाराकडं कान लावून असायचो. बहीण बिनफोडणीचं जेवण आणि उसाचा रस द्यायची, तिलाही खरं सांगितलं नव्हतं. एकवीस दिवसांत धड एक रात्र झोप लागली नाही. परत आलो तो गेलो त्याहून दमून.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात एखाद्या मुलाची सगळी पानं भरलेली आणि उत्तर चुकलेलं दिसलं की त्या अशाच बघायच्या.

“मग ती रजा वायाच गेली की, सर,” त्या हळू म्हणाल्या.

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. चहा ठेवते म्हणून उठल्याही नाहीत. दुपार होती, रस्त्यावर वर्दळ नव्हती, वर पंखा हळू फिरत होता. आम्ही दोघं काहीही न करता तसेच बसून राहिलो, आणि किती वेळ झाला ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.